टेबलावरचा किल्ला : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मोजपट्टी, फासे आणि बोटभर उंचीचे रंगवलेले सैनिक घेऊन टेबलावर लढाया खेळणाऱ्या वाचकांची या महिन्यात जी पत्रे आली, त्यांतली बहुतेक किल्ल्याविषयी आहेत. मैदानी लढाईला हिरवे कापड आणि दोन-चार झाडे पुरतात. वेढ्याची लढाई खेळायची म्हटली की तट लागतो, आणि त्या तटावर चढता, लढता व पडता आले पाहिजे. म्हणून या वेळचे सदर संपूर्ण किल्ल्यालाच दिले आहे.

प्रश्न : माझ्याकडे २८ मिलिमीटरचे मराठा आणि मोगल सैनिक आहेत. एका भुईकोटाच्या नकाशावरून काटेकोर प्रमाण काढून मी पुठ्ठ्याची तटबंदी केली. ती दिसते छान, पण सैनिक तटावर उभे राहत नाहीत. कुठे चुकले? (एक वाचक, पुणे)

आपण सुरुवात किल्ल्यापासून केलीत. खेळाच्या किल्ल्याची सुरुवात सैनिकाच्या पायाखालच्या चकतीपासून करावी लागते. २८ मिलिमीटरच्या सैनिकाला साधारण १:५६ हे प्रमाण लागू पडते, म्हणजे खऱ्या किल्ल्यावरचा १ मीटर टेबलावर सुमारे १८ मिलिमीटर होतो. त्या हिशेबाने दीड मीटर रुंदीची फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, २७ मिलिमीटर भरते. आता सैनिकाची चकती पाहा. ती २५ मिलिमीटरची आहे, म्हणजे त्याच प्रमाणात प्रत्येक मावळा १.४ मीटर व्यासाच्या तबकावर उभा आहे. तो एकटाच सगळी फांजी अडवतो, आणि त्याच्या हातातला भाला चर्येला, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या दातेरी कठड्याला, टेकला की चकती मागे सरकून तो आतल्या बाजूला पडतो.

माझा पहिला किल्लाही मी असाच मोजमापाबरहुकूम केला होता. दोन महिने खपून केलेल्या त्या तटावर पहिल्याच खेळात एकही बरकंदाज (बंदूकधारी सैनिक) उभा राहिला नाही, आणि अखेर सर्व फांज्या कापून नव्याने कराव्या लागल्या. तेव्हापासून मी एक नियम पाळतो : सैनिक ज्याला स्पर्श करतो ते सर्व त्याच्या मापाने करायचे आणि ज्याला तो स्पर्श करत नाही ते टेबलाच्या मापाने. फांजी, पायऱ्या, दरवाजा आणि चर्यांची उंची ही पहिल्या प्रकारातली. तटाची एकूण लांबी, बुरुजाचा घेर, बालेकिल्ल्याचे अंतर ही दुसऱ्या.

तेव्हा सुट्या सैनिकांसाठी फांजी ४० मिलिमीटर मोकळी ठेवा, आणि आपले सैनिक ४० मिलिमीटर रुंदीच्या सामायिक पट्ट्यांवर चिकटवलेले असतील तर ५० मिलिमीटर. आतल्या काठाला माउंट बोर्डाची २ मिलिमीटर उंचीची पट्टी लावली की चकती घसरत नाही, आणि रंगवल्यावर ती पट्टी दगडी काठासारखीच दिसते. चर्येची भिंत सैनिकाच्या छातीपर्यंत, म्हणजे साधारण २० मिलिमीटर येऊ द्या. चर्या कापताना युरोपी किल्ल्यांचे चौकोनी दात डोळ्यांसमोर आणू नका; आपल्याकडच्या चर्या बहुधा वर निमुळत्या होत गेलेल्या, पाकळीच्या आकाराच्या असतात, आणि एवढ्या एका गोष्टीने किल्ला दख्खनचा वाटू लागतो. जंग्या, म्हणजे तटातली गोळी झाडायची भोके, टाचणीने टोचून न थांबता, पेन्सिलीचे टोक बाहेरच्या बाजूने खाली कललेले धरून पाडा, कारण खऱ्या जंग्याही तटाखालच्या माणसावर नेम धरता यावा म्हणून उतरत्या असतात.

तट २०-२० सेंटिमीटरच्या सुट्या तुकड्यांत करावा आणि बुरूज वेगळे ठेवावेत. दोन तुकड्यांचा सांधा बुरुजाच्या कुशीत लपतो, आणि तेच तुकडे फिरवून पुढच्या वेळी दुसरा किल्ला मांडता येतो.

प्रश्न : आम्हा मित्रांना १६६५ चा पुरंदरचा वेढा खेळायचा आहे. आमचे टेबल ६ फूट बाय ४ फूट आहे. एवढ्यात डोंगर कसा बसवावा? (एक वाचक, सासवड)

आपण पुरंदरच्या पायथ्याचे, म्हणून आपल्याला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. सबंध डोंगर बसवू नये. १:५६ च्या प्रमाणात ६ फुटांचे टेबल म्हणजे जमिनीवरचे जेमतेम १०० मीटर; त्यात पुरंदर, वज्रगड आणि मधली खिंड मावणे शक्य नाही. १५ मिलिमीटरचे सैनिक घेतले तर प्रमाण १:१०० होते, १ सेंटिमीटर म्हणजे १ मीटर असा सोपा हिशेब मिळतो, तरीही डोंगर मावत नाहीच. वेढ्यातला एक प्रसंग निवडून तेवढीच जागा बांधावी.

पुरंदरचा प्रसंग निवडायला कठीण नाही. मोगल सरदार दिलेरखानाने एप्रिल १६६५ मध्ये आधी शेजारचा वज्रगड घेतला, तिथून पुरंदरच्या माचीवर, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या तटबंद सपाटीवर, तोफांचा मारा करता येऊ लागला, आणि माचीच्या बुरुजांसमोर मोगलांनी लाकडाचे उंच दमदमे, म्हणजे मारा करण्यासाठीचे मचाण, उभारले. मुरारबाजी देशपांडे यांनी निवडक लोकांनिशी बाहेर पडून दिलेरखानाच्या फौजेवर घातलेला घाला याच वेढ्यातला. टेबलाच्या एका लांब बाजूला माचीचा तट आणि दोन बुरूज घ्या, त्यांच्यापुढे उतार ठेवा, आणि समोरच्या बाजूला दमदमा व मोर्चे. बालेकिल्ला टेबलाबाहेर मागे आहे असे मानावे; मराठ्यांची तुकडी मोडली की ती त्या काठाकडे परतते.

उताराबद्दल मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. टेबलावरच्या टेकड्या थर्माकोलच्या किंवा तशाच फोमच्या पाट्या एकावर एक ठेवून पायरीपायरीने केल्या जातात, कारण तिरक्या उतारावर चकत्या घसरतात. इंग्लंडच्या गोलसर टेकड्यांना ही पायऱ्यांची रचना खोटी दिसते, आणि तिथले छंदिष्ट ती लपवण्यासाठी बरीच खटपट करतात. सह्याद्री मात्र मुळातच पायऱ्यांचा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो झाला, मधल्या मऊ थरांची झीज होऊन गवताळ पट्टे राहिले आणि कठीण थरांचे उभे कडे. भूशास्त्रात या खडकाला दिलेले ‘ट्रॅप’ हे नावदेखील पायरी या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. तेव्हा २५ मिलिमीटर जाडीच्या पाट्या सुरीने न कापता हाताने मोडा. मोडलेली कड बाहेर ठेवून एकीवर एक रचा आणि प्रत्येक पायरीवर चकतीपुरती सपाट जागा सोडा. मोडलेल्या कडेवर उभ्या भेगा थोड्याच द्याव्यात, आडवे थर ठळक राहू द्यावेत. पायरीच्या सपाटीवर पिवळसर रंगवलेला लाकडाचा भुसा टाकला की एप्रिल-मे महिन्यांतले वाळलेले गवत दिसते. हा वेढा ऐन उन्हाळ्यातला आहे, त्यामुळे हिरवा भुसा इथे शोभणार नाही.

प्रश्न : आमच्या खेळात शत्रू तिसऱ्या-चौथ्या फेरीतच हत्ती घेऊन दरवाजाशी भिडतो आणि किल्ला पडतो. नियम बदलावेत का? (एक वाचक, कोल्हापूर)

नियमांना हात लावण्याआधी दरवाजा पाहा. आपल्या पत्रासोबतच्या चित्रात दरवाजा दोन बुरुजांच्या मध्ये, तटाच्या रेषेत आणि थेट बाहेर तोंड करून आहे. शिवकालीन गडांवर महाद्वार असे उघड्यावर ठेवीत नसत. रायगडाचा महादरवाजा आठवा : दोन भक्कम बुरूज पुढे येतात, वाट त्यांच्या कवेत शिरते, वळते, आणि वळल्यावरच दरवाजा दिसतो. या गोमुखी रचनेमुळे तोफेला दरवाजावर सरळ मारा करता येत नाही, हत्तीला धाव घ्यायला जागा उरत नाही, आणि वळणात अडकलेल्या माणसावर दोन्ही बाजूंच्या फांज्यांवरून दगड व गोळ्यांचा वर्षाव होतो.

टेबलावर हे करायला अवघड नाही. डावा बुरूज तटाच्या रेषेपासून १५ सेंटिमीटर पुढे आणा आणि त्याचा तट उजव्या बुरुजासमोरून वळवून घ्या, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला दोन बुरूज एकमेकांवर आलेले दिसतील. मधली वाट ७० मिलिमीटर रुंद ठेवा. वळण काटकोनाचे असावे आणि दरवाजा वळणानंतर एका हत्तीच्या लांबीइतक्या अंतरावर. हे सगळे चिकटवण्यापूर्वी दोन चाचण्या करून घ्याव्यात. पहिली, दरवाजाच्या मध्यावर टाचणी रोवून तिला शिवणाचा दोरा बांधा आणि टेबलाच्या बाहेरच्या कडेने तो ताणून फिरवत न्या. कुठल्याही एका जागी दोरा बुरुजाला न टेकता सरळ ताणला गेला, तर तेथून तोफ दरवाजा फोडेल, म्हणून बाहेरचा बुरूज आणखी पुढे घ्या. दुसरी, आपल्या हत्तीच्या बेसच्या मापाचा पुठ्ठा कापून तो वाटेतून सरकवून पाहा. तो वळणात अडखळला पाहिजे, पण अडकून बसता कामा नये. हत्ती फिरवायला एक पूर्ण फेरी खर्ची पडेल एवढीच ती अडचण असावी.

दरवाजाची फळी आइस्क्रीमच्या काड्यांची करून तिच्यावर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला टाचण्यांच्या माथ्यांचे खिळे बसवा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे पाहून या, म्हणजे त्यांची ओळ आणि अंतर लक्षात येईल. एका फळीत दिंडी दरवाजा उघडणारा ठेवा. रात्री गुपचूप बाहेर पडणाऱ्या तुकडीला तो उपयोगी पडतो. आत दोन्ही हातांना पहारेकऱ्यांच्या देवड्या करा आणि त्यांचे छत उचलता येईल असे ठेवा, नाहीतर आत गेलेला सैनिक चिमट्याने बाहेर काढावा लागतो.

एवढे केल्यावर जुन्याच नियमांनी एक खेळ खेळून पाहावा. माझ्या अनुभवात गोमुख नीट बांधल्यावर दरवाजासाठी वेगळा नियम लिहावा लागलेला नाही.

प्रश्न : तोफांनी किंवा सुरुंगाने पडलेले खिंडार कसे दाखवावे? आम्ही सध्या तटावर कापूस ठेवतो. (एक वाचक, नाशिक)

कापूस धुरासाठी राहू द्या. खिंडारासाठी तटाच्या एका तुकड्याच्या तीन आवृत्त्या कराव्यात : अखंड, ढासळलेला आणि घाईने बुजवलेला. तिसरी आवृत्ती का, तर आजच्या अहिल्यानगरच्या भुईकोटाला १५९५-९६ मध्ये शाहजादा मुरादच्या मोगल फौजेने वेढा दिला, तेव्हा तटाखाली सुरुंग उडून खिंडार पडले होते, आणि चांदबिबीने स्वतः तिथे उभे राहून मोगलांचा हल्ला परतवला व रातोरात ते खिंडार बुजवून घेतले. हा प्रसंग टेबलावर खेळता आला पाहिजे. आमच्याकडे बचाव करणाऱ्याला रात्रीची एक फेरी मिळते; त्या फेरीत त्याची तुकडी खिंडारावर टिकून राहिली, तर ढासळलेला तुकडा उचलून तिथे ओंडके, माती आणि गोण्यांनी बुजवलेला तुकडा ठेवायचा.

ढासळलेल्या तुकड्यात दोन गोष्टी सांभाळा. तोफेच्या माऱ्याने तुटलेला तट बहुधा बाहेर कोसळतो आणि त्याच्याच ढिगाऱ्याचा उतार शत्रूला चढायला सोपान होतो, म्हणून दगडांचा ढीग बाहेरच्या बाजूला पसरलेला आणि चकती टिकेल इतका सौम्य हवा. दुसरे म्हणजे तुटलेली कड. जाड तट आरपार घडीव दगडांचा नसतो. दोन बाजूंना घडीव दगड आणि पोटात लहान दगड, माती व चुना यांची भर असते. त्यामुळे तुटलेल्या कडेवर दोन बाजूंना चिरे कोरा, मधल्या भागाला फेव्हिकॉल लावून त्यावर चाळलेली माती व बारीक खडी दाबा. ही एक कड नीट साधली की पाहणाऱ्याला तट खरा वाटतो.

प्रश्न : थर्माकोलच्या तटावर स्प्रे मारला आणि बुरूज विरघळला. (एक वाचक, ठाणे)

स्प्रेच्या डब्यातले द्रावक पॉलिस्टायरीन विरघळवते, मग ते दाणेदार थर्माकोल असो वा गच्चीच्या उष्णतारोधनासाठी विकली जाणारी घट्ट एक्सपीएस शीट. आधी फेव्हिकॉल आणि काळा ॲक्रेलिक रंग समप्रमाणात मिसळून दोन हात द्यावेत, सांधे आणि खाचाही सोडू नयेत. त्यानंतरचे सगळे रंग पाण्यातले वापरावेत. तापलेल्या तारेने कापत असाल तर खिडकी उघडी ठेवा, कारण तो धूर छातीला चांगला नाही. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, म्हणून नवीन थर्माकोल आणण्यापेक्षा खोक्यांचा पन्हाळी पुठ्ठा तिहेरी चिकटवून वापरणे मला अधिक योग्य वाटते. पुठ्ठा रंगाने वाकतो, यासाठी त्याच्या दोन्ही बाजू एकाच दिवशी रंगवाव्यात आणि वाळेपर्यंत वजनाखाली ठेवाव्यात.

प्रश्न : माझा किल्ला सिमेंटचा दिसतो. काळ्या दगडाचा रंग कसा साधावा? (एक वाचक, सातारा)

काळ्यात पांढरा मिसळून केलेला राखाडी रंग सिमेंटचाच असतो, कारण त्यात ऊब नसते. बेसाल्ट जवळून पाहिला तर त्यात तपकिरी आणि किंचित हिरवी झाक दिसते. पायाचा हात काळा आणि गडद तपकिरी यांच्या मिश्रणाचा द्या. तो वाळल्यावर मध्यम राखाडीत चिमूटभर पिवळी माती मिसळून, कुंचला कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करा आणि दगडांच्या कडांवरून हलकेच फिरवा. मग बारीक कुंचल्याने दहातला एखादा चिरा वेगळ्या छटेने रंगवा, एक तपकिरीकडे झुकणारा, एक निळसर. हे चिरे ओळीने येऊ देऊ नका.

यानंतर पाऊस. सह्याद्रीतल्या तटावर चार महिने पाणी वाहते आणि त्याचे काळे ओघळ चर्यांच्या मधल्या खाचांतून आणि जंग्यांच्या तोंडातून खाली उतरतात. पाण्यासारखा पातळ काळा रंग त्या जागी वरून सोडा, तट उभा धरा आणि थेंबाला त्याच्या वाटेने जाऊ द्या; कुंचल्याने ओढलेला ओघळ लगेच ओळखू येतो. बुडाशी शेवाळाचा वाळलेला, करडा हिरवा हात पुरे.

दक्षिण कोकणातला किल्ला करायचा असेल, तर दगड बहुधा जांभा असतो हे लक्षात घ्या. जांभ्याला बेसाल्टची गुळगुळीत कड नसते, तो छिद्रांनी भरलेला असतो. चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा पृष्ठभागावर दाबून फिरवला की तशी छिद्रे उमटतात. त्यावर विटकरी तपकिरी रंग आणि छिद्रांत जवळजवळ काळा.

प्रश्न : नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असताना वेल्समधील कॉनवीचा किल्ला पाहिला. २८ मिलिमीटरच्या मध्ययुगीन सैनिकांसाठी तो करायचा आहे. किती मोठा होईल? (एक वाचक, मुंबई)

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८३ ते १२८७ या काळात बांधवून घेतलेल्या या किल्ल्याला आठ मोठे बुरूज आहेत, प्रत्येक सुमारे २० मीटर उंच आणि ९ मीटर व्यासाचा. १:५६ ने एक बुरूज ३६ सेंटिमीटर उंच आणि १६ सेंटिमीटर रुंद होतो. असे आठ केले तर टेबलावर सैन्याला जागा उरणार नाही. व्यास तसाच ठेवा, कारण बुरुजाच्या माथ्यावर माणसे उभी करायची आहेत. उंची मात्र २४ सेंटिमीटरपर्यंत उतरवा, आणि आठांऐवजी चार बुरूज करा. एका बुरुजाचा साचा नीट बसवून त्यावरून बाकीचे तीन करता येतात. इथे चर्या चौकोनीच हव्यात.

आजचा कॉनवी करडा दिसतो, पण त्याच्या भिंतींवर पूर्वी चुन्याचा पांढरा हात दिलेला होता. तेराव्या शतकातला खेळ मांडणार असाल, तर तो मळकट पांढरा रंगवण्याचे धाडस अवश्य करा. करड्या दगडांनी भरलेल्या टेबलांमध्ये तो फार देखणा दिसतो. आणि या किल्ल्यासाठी शिड्या व तोफांपेक्षा वेगळा खेळ सुचवतो. १४०१ मध्ये, वेल्श सरदार ओवेन ग्लिनडूरच्या बंडाच्या काळात, रीस आणि ग्विलिम या टुडर बंधूंच्या माणसांनी सुतारांची बतावणी करून आत प्रवेश मिळवला आणि किल्ला घेतला. त्यासाठी आतले चौक आणि दरवाजामागची जागा उघडी, हात जाईल अशी ठेवावी लागेल. बाहेरच्या तटावर फार वेळ घालवू नका.

प्रश्न : मुले दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतात. त्यावरच मातीच्या मावळ्यांनी नियमांचा खेळ खेळता येईल का? (एक वाचक, सांगली)

जरूर येईल. एक मावळा मोजा. तो ७ सेंटिमीटर उंच असेल, तर प्रमाण साधारण १:२४ झाले, आणि ६ मीटरचा तट २५ सेंटिमीटर उंच हवा. मावळ्याची बैठक ४ सेंटिमीटरची असेल तर फांजी ६ सेंटिमीटरची करा. गोणपाट मातीच्या राड्यात भिजवून दगड-विटांच्या ढिगावर पसरताना, माती ओली असतानाच त्या बैठकीच्या मापाचा लाकडी ठोकळा दाबून उतारावर जागोजाग सपाट ठसे उमटवा. मावळे तिथेच उभे राहतील आणि चालीची अंतरेही त्या ठशांवरून मोजता येतील. अळीव पेरायचे असतील तर ते ठसे सोडून पेरा, कारण चार दिवसांत रोपे मावळ्याच्या कमरेपर्यंत येतात आणि बैठक उचलली जाते. खेळ वसुबारसेला सुरू करा; भाऊबीजेपर्यंत माती तडकू लागलेली असते, आणि त्या तडांवर सुरुंगाची जागा ठरवायला मुलांना फार आवडते.